परिचारिकेचे श्रम आणि राष्ट्राची संपत्ती

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय अर्थशास्त्राचे जुने ग्रंथ हा आहे. एका निवृत्त परिचारिकेने हा विषय का निवडावा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, काही वर्षे तेथेच नोकरी केली, आणि पुढे या देशात येऊन तीस वर्षांहून अधिक काळ वॉर्डात काम केले. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा हे ग्रंथ शब्दकोश शेजारी ठेवून सावकाश वाचले. वाचताना प्रत्येक ग्रंथात मी एक गोष्ट आधी शोधत असे : रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला या पंडिताने आपल्या हिशेबात कोठे जागा दिली आहे? त्या शोधात जे सापडले तेच आज आपणांपुढे ठेवते.

या सर्व ग्रंथांतून एक प्रश्न वाहत आलेला आहे. कोणाच्या श्रमाने राष्ट्राची संपत्ती वाढते, आणि कोणाच्या श्रमावर ती केवळ खर्च होते? पहिल्या प्रकाराला ‘उत्पादक श्रम’ आणि दुसऱ्याला ‘अनुत्पादक श्रम’ अशी नावे पडली. ही केवळ नावे आहेत असे समजू नये. कोणाला किती वेतन द्यावे, सरकारने कोठे काटकसर करावी, आणि घरात कोणाचे कष्ट हिशेबात धरावे, हे पुष्कळदा या नावांवरून ठरत आलेले आहे.

आश्चर्याची गोष्ट अशी की, या शास्त्राच्या आरंभीच्या पंडितांपैकी दोघे वैद्यकातून आलेले होते. पहिले इंग्लंडचे सर विल्यम पेटी. ते ऑक्सफर्ड येथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. १६६५ साली लिहिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तकात त्यांनी इंग्लंडच्या माणसांची किंमत काढली. त्यांची रीत साधी होती. देशाचा वार्षिक खर्च ४ कोटी पौंड. त्यापैकी जमीन, घरे, जहाजे इत्यादी मालमत्तेपासून येतात दीड कोटी. मग उरलेले अडीच कोटी माणसांच्या श्रमातूनच आले असले पाहिजेत. मालमत्तेच्या उत्पन्नावरून तिची किंमत ज्या प्रमाणात धरतात, त्याच प्रमाणात श्रमाच्या उत्पन्नावरून माणसांची किंमत धरली, तर ती ४१ कोटी ७० लाख पौंड होते. लोकसंख्या ६० लाख, म्हणून दर माणशी ६९ पौंड. माणसावर किंमतीची चिठ्ठी लावणे आपल्या कानाला कठोर वाटते. परंतु पेटींनी त्याचा उपयोग कसा केला तेही पाहावे. लंडनमध्ये प्लेगचा कहर होऊन गेल्यावर, १६६७ साली, त्यांनी याच रीतीने दाखवून दिले की माणसे वाचवण्यासाठी केलेला खर्च वाया जात नाही, तो कित्येक पटींनी परत मिळतो. प्राण वाचवणे ही गुंतवणूक आहे, हा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे.

दुसरे वैद्य फ्रान्सचे फ्रांस्वा केने. ते पंधराव्या लुईच्या दरबारी वैद्य होते. १७५८ साली त्यांनी ‘आर्थिक कोष्टक’ तयार केले. समाजाच्या एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे धन कसे फिरते, हे त्यात रेषांनी दाखवले आहे, आणि शरीरातील रक्ताभिसरण ठाऊक असलेल्या माणसाला ही कल्पना सुचावी हे साहजिक वाटते. केने यांच्या मते नवी संपत्ती फक्त जमीन देते. शेतकरी एक दाणा पेरतो आणि अनेक मिळवतो. कारागीर मात्र मिळालेल्या मालाचे रूप तेवढे पालटतो, आणि स्वतःच्या पोटापुरते मूल्य त्यात घालतो. म्हणून कारागीर आणि व्यापारी यांचा वर्ग त्यांनी ‘वांझ’ ठरवला.

हा निकष आपल्याच पूर्वजांना लावून पाहू. कोकणात आपले लोक तेल गाळीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. केने यांच्या दृष्टीने तीळ पिकवणारा शेतकरी उत्पादक, आणि त्या तिळाचे तेल काढणारा शनवार तेली वांझ वर्गातला. त्याच्या घाण्यातून तेल निघाले तरी संपत्ती काही वाढली नाही!

हे मत खोडून काढले ते स्कॉटलंडच्या अ‍ॅडम स्मिथ यांनी. १७७६ साली प्रसिद्ध झालेला ‘राष्ट्रांची संपत्ती’ हा त्यांचा ग्रंथ या शास्त्राचा पाया मानला जातो. त्याच्या आरंभीच टाचणीच्या कारखान्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दहा माणसे काम वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करू शकतात. एकट्या माणसाला सगळी कामे करून दिवसात वीसही जमणार नाहीत. स्मिथ यांच्या हिशेबात आपला तेली उत्पादक ठरतो, कारण त्याच्या श्रमातून विकता येण्याजोगी वस्तू मागे उरते. तेल बुधल्यात साठवता येते, बाजारात नेता येते, आणि त्याच्या किंमतीतून उद्या आणखी माणसे कामाला लावता येतात.

परंतु याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात स्मिथ अनुत्पादक श्रमांची यादी देतात. घरातले नोकरचाकर, राजा आणि त्याचे अधिकारी, सैन्य आणि आरमार, धर्मगुरू, वकील, वैद्य, लेखक, नट, विदूषक, गवई, हे सारे एका पंक्तीत बसवले आहेत. कारण असे की त्यांचे काम घडते त्याच क्षणी नाहीसे होते. मागे साठवण्याजोगे किंवा पुन्हा विकण्याजोगे काही उरत नाही. स्मिथ यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगते की हे श्रम निरुपयोगी आहेत असे त्यांनी म्हटलेले नाही. त्यांची चिंता वेगळी होती. वर्षाच्या शेवटी राष्ट्राजवळ किती शिल्लक राहते आणि त्यातून पुढल्या वर्षी किती काम उभे राहते, हे त्यांना पाहायचे होते.

तरीही येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. अर्धांगाच्या रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. रात्रपाळीत असे वीस रोगी असले तर फेरी संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. हे काम नीट झाले तर सकाळी दिसण्यासारखे काहीच नसते. पाठीला जखम नाही, ताप नाही, वासही नाही. काम झाले नाही तर मात्र काही दिवसांत हाडापर्यंत जाणारी जखम सर्वांना दिसते, आणि मग तिच्यावरचे औषध, पट्ट्या, शस्त्रक्रिया यांचा हिशेब पैशांत मांडता येतो. म्हणजे परिचारिकेच्या कामाचे फळ पुष्कळदा ‘न झालेली जखम’ हे असते. जे झालेच नाही ते कोणत्या बुधल्यात साठवावे?

स्मिथ यांच्या पाठोपाठ आलेल्या पंडितांनाही ही अडचण जाणवली. फ्रान्सच्या जाँ-बातिस्त से यांनी १८०३ च्या ग्रंथात वैद्याचेच उदाहरण घेतले. वैद्य घरी येतो, रोग्याला तपासतो, उपाय सांगतो, शुल्क घेऊन जातो. हाती धरता येईल अशी वस्तू त्याने ठेवलेली नाही. पण त्याचा सल्ला हे उत्पादनच आहे, फक्त ते निर्माण होताच वापरले गेले. अशा उत्पादनाला से यांनी ‘अमूर्त’ म्हटले. मात्र ते साठत नाही म्हणून राष्ट्राच्या भांडवलात त्याची भर पडत नाही, हे त्यांनीही मान्य केले. दार उघडले खरे, पण अर्धेच.

१८१७ साली डेव्हिड रिकार्डो यांचा ग्रंथ आला. हे नाव आपल्या मंडळींना विशेष वाटेल, कारण रिकार्डो लंडनमधल्या पोर्तुगीज ज्यू घराण्यात जन्मले होते. त्यांचे वडील अ‍ॅमस्टरडॅमहून आलेले दलाल. एकविसाव्या वर्षी क्वेकर पंथाच्या मुलीशी विवाह केल्यामुळे ते घराला आणि समाजाला अंतरले. रिकार्डो यांनी राष्ट्राचे उत्पन्न तीन वाटेकऱ्यांत विभागले : जमीनदाराला खंड, भांडवलदाराला नफा आणि मजुराला मजुरी. या मांडणीत सेवा करणाऱ्यांना स्वतंत्र वाटा नाही. त्यांचे वेतन या तिघांच्या वाट्यातून जाते. म्हणून त्यांचे काम ‘खर्च’ या सदरात पडते, आणि अंदाजपत्रकात आजही आपण तोच शब्द ऐकतो.

या विचारसरणीची सर्वांत तिखट थट्टा जर्मनीचे फ्रीड्रिश लिस्ट यांनी १८४१ मध्ये केली. त्यांनी दाखवून दिले की या हिशेबाने डुकरे पाळणारा उत्पादक ठरतो आणि माणसे घडवणारा शिक्षक अनुत्पादक. रोग्याचा प्राण वाचवणारा वैद्य उत्पादक वर्गात बसत नाही. पण औषधाच्या दुकानात गोळ्या वळणारा पोऱ्या बसतो, कारण घटकाभर का होईना, गोळी ही वस्तू आहे.

आता मी ज्या ग्रंथापाशी सर्वांत अधिक थांबले त्याकडे येते. जॉन स्टुअर्ट मिल यांचा १८४८ चा ग्रंथ. मिल हे मोठे सहृदय आणि न्यायी लेखक. अनुत्पादक काम उत्पादक कामाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक उपयुक्त असू शकते, असे ते आवर्जून सांगतात. वैद्य आणि शिक्षक यांचे श्रम माणसांच्या ठायी उपयुक्तता निर्माण करतात, हेही त्यांना मान्य आहे. परंतु संपत्ती म्हणजे भौतिक वस्तू, ही व्याख्या त्यांनी सोडली नाही. त्यामुळे तर्काच्या ओघात ते अशा ठिकाणी पोहोचले : मित्राचा प्राण वाचवणे हे उत्पादक काम केव्हा ठरेल? तो मित्र स्वतः उत्पादक कामगार असेल, आणि जितके खातो त्याहून अधिक निर्माण करीत असेल, तेव्हाच.

हा निकष घेऊन मी मनाने माझ्या जुन्या वॉर्डात फिरून आले. पहिल्या खाटेवरचा तरुण सुतार बरा होऊन कामावर जाईल. त्याची शुश्रूषा उत्पादक. दुसऱ्या खाटेवरच्या आजी पंच्याऐंशी वर्षांच्या. त्या आता काही निर्माण करणार नाहीत, म्हणून त्यांची शुश्रूषा अनुत्पादक. हात तेच, काळजी तीच, दोघांना लागणारा वेळही तोच. मिल यांनी आजींची सेवा करू नये असे मुळीच म्हटलेले नाही. परंतु पुढच्या काळात ज्यांनी व्याख्या तेवढी उचलली आणि सहृदयता पुस्तकातच ठेवली, त्यांच्या हाती हाच निकष पडला. पुढे कधी वृद्धांच्या उपचारांवर काटकसरीची चर्चा कानी पडली तर तिच्यामागे हा जुना तर्क उभा आहे की काय, ते पाहावे.

कार्ल मार्क्स यांनी ‘भांडवल’ या ग्रंथात, १८६७ साली, प्रश्नच फिरवला. त्यांच्या मते भांडवलशाहीत श्रम उत्पादक ठरतो तो वस्तू निघते म्हणून नव्हे, तर मालकाला नफा मिळतो म्हणून. त्यांनी शाळामास्तराचे उदाहरण दिले आहे : खासगी शाळेचा मालक त्याच्या कष्टांवर धनवान होत असेल तर तो मास्तर उत्पादक कामगार. हाच नियम परिचारिकेला लावला तर खासगी रुग्णालयातली सिस्टर उत्पादक, आणि तेच काम सरकारी रुग्णालयात करणारी तिची बहीण अनुत्पादक ठरते. मार्क्स हे समर्थनार्थ सांगत नव्हते; व्यवस्था कशी पाहते ते दाखवत होते. पुढे सोव्हिएत संघाने राष्ट्रीय उत्पन्न मोजताना भौतिक उत्पादनाचीच कसोटी ठेवली, आणि आरोग्यसेवा त्या आकड्याबाहेर राहिली. १९९० नंतर तिकडून या देशात आलेल्या डॉक्टर आणि परिचारिका आपल्या वॉर्डांत आल्या. त्यांच्या आधीच्या आयुष्यातले श्रम त्यांच्या जन्मदेशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात कधी धरलेच गेले नव्हते.

आपल्या मुंबईशी या गोष्टीचा थेट संबंध आहे. दादाभाई नौरोजी यांनी १८७६ मध्ये मुंबईत ‘भारताचे दारिद्र्य’ हा निबंध वाचला. १८६७-६८ या वर्षाचे ब्रिटिश हिंदुस्थानचे उत्पन्न त्यांनी दर माणशी अवघे २० रुपये काढले, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्याहून अधिक आहे हे सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. त्या हिशेबात त्यांनी पिके, खाणी, कारखाने यांचे उत्पादन धरले. सेवा धरल्या नाहीत. रयतेला प्रत्यक्ष खायलाप्यायला काय मिळते हे त्यांना दाखवायचे होते, आणि त्या कामासाठी तो आकडा प्रभावी ठरला. परंतु गावोगाव बाळंतपणे करणारी सुईण त्या वीस रुपयांत नव्हती. हेतू कितीही थोर असला तरी व्याख्या आपली माणसे वगळतेच. पुढे व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ च्या उत्पन्नाचा अंदाज करताना सेवाही हिशेबात घेतल्या.

अ‍ॅल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथापर्यंत ‘उत्पादक’ आणि ‘अनुत्पादक’ ही भिंत बरीचशी ढासळली होती. माणसात गुंतवलेले भांडवल सर्वांत मोलाचे, आणि त्यातही आईच्या संगोपनाचा भाग अधिक मोलाचा, असे मार्शल यांनी लिहिले. आता ज्या कामाला बाजारात दाम मिळते ते सारे उत्पन्नात धरले जाऊ लागले. परिचारिका आत आली. पण जेथे दाम नाही ते काम बाहेर राहिले. केंब्रिजचे पिगू यांनी १९२० साली यातली विसंगती एका वाक्यात पकडली : एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच, घर तेच. फक्त पगार थांबला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा हिशेब १९३४ साली तेथील सिनेटपुढे मांडणारे सायमन कुझनेट्स हे पिन्स्क येथे जन्मलेले ज्यू. त्यांनी त्याच अहवालात बजावले की या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण मोजता येणार नाही, आणि घरातल्या बिनपगारी सेवा त्यात धरलेल्या नाहीत.

आणखी दोन गोष्टी सांगून संपवते. पहिली सरकारी रुग्णालयाविषयी. तेथील सेवा बाजारभावाने विकली जात नाही, म्हणून राष्ट्रीय हिशेबात तिचे मूल्य तिच्यावर झालेल्या खर्चावरून धरण्याची पद्धत रूढ झाली. त्या खर्चाचा मोठा भाग म्हणजे कर्मचाऱ्यांचे वेतन. म्हणजे परिचारिकेला वेतन कमी दिले की कागदावर तिच्या कामाचे मूल्यही कमी दिसते, आणि मग ‘मूल्य कमी म्हणून वेतन कमी’ असे म्हणायला वाट मोकळी होते.

दुसरी गोष्ट विल्यम बॉमोल यांची. १९६६ साली विल्यम बोवेन यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी चार वादकांच्या मैफलीचे उदाहरण घेतले. कारखान्यात यंत्रामुळे एक माणूस पूर्वीच्या दसपट माल काढील. पण चौघांसाठी रचलेली संगीतकृती वाजवायला दोनशे वर्षांपूर्वीही चार माणसे लागत आणि आजही चारच लागतात. वादकांचे वेतन मात्र इतरांबरोबर वाढवावेच लागते, नाहीतर कोणी वादक होणार नाही. म्हणून मैफल इतर वस्तूंच्या तुलनेत महाग होत जाते. यात कोणाचा आळस नाही आणि उधळपट्टीही नाही. जखमेचे ड्रेसिंग, घास भरवणे, घाबरलेल्या माणसाचा हात धरून बसणे यांचेही तसेच आहे. मी शिकत होते तेव्हा रोग्याला भरवायला जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो. आरोग्यसेवा महाग का होते याचे एक मोठे कारण हे आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. या देशात १९८८ पासून बितुआह लेउमीतर्फे घरी राहणाऱ्या परावलंबी वृद्धांना शुश्रूषेचे तास मिळतात. आपल्यापैकी अनेक घरांत त्यासाठी मेटापेलेत येते. तिचे तास मोजले जातात, त्यांचे पैसे दिले जातात, ते राष्ट्रीय उत्पन्नात जातात. ती निघून गेल्यावर रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत उठबस करणारी मुलगी किंवा सून मात्र कोणत्याही वहीत नसते. आईच्या आजारपणात भावंडे औषधांची बिले वाटून घेतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. कोणी किती शेकेल दिले ते कागदावर असते. जिने नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली, तिचा तोटा त्या कागदावर नसतो. पुढे वाटणीच्या वेळी तोच कागद पुढे येतो, आणि जिने सर्वांत अधिक दिले तिचे योगदान शून्य दिसते.

अ‍ॅडम स्मिथ असोत वा मिल, हे सारे आपल्याहून थोर बुद्धीचे लोक होते. त्यांनी व्याख्या केल्या त्या आपापल्या प्रश्नासाठी. त्यांच्यापासून मी शिकले ते एवढेच, की कोणताही आकडा समोर आला तर त्यात काय धरले आहे हे विचारण्याआधी काय वगळले आहे ते विचारावे. सरकारच्या आकड्याला हा प्रश्न विचारणे आपल्या हाती फारसे नाही. घरच्या वहीला विचारणे मात्र आहे. म्हणून माझी विनंती अशी : ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, तेथे औषधांच्या खर्चाशेजारी आणखी एक रकाना आखावा, आणि कोणी किती रात्री जागून काढल्या ते त्यात तारीखवार लिहावे. आठवड्यातून एकदा तो रकाना सर्व भावंडांनी एकत्र वाचावा, आणि पुढच्या आठवड्याच्या रात्री वाटून घ्याव्यात.